जुन्या फोटोंतली रत्नागिरी : पुरावा की निवड?

रत्नागिरी शहराचे जुने फोटो एका छताखाली नाहीत. काही सरकारी दप्तरांत आहेत, काही इंग्रज अधिकाऱ्यांच्या अल्बमांबरोबर विलायतेला गेले, काही संस्थांच्या स्मरणिकांत छापून आले. उरलेले, म्हणजे बहुतेक, घरांच्या भिंतींवर आणि माळ्यावरच्या ट्रंकांत आहेत. त्यांत आळ्या आहेत, पाखाड्या आहेत, बंदर आहे, कचेरी आहे, चिऱ्यांची घरे आहेत. हे फोटो इतिहासाचा पुरावा मानायचे का आणि मानायचे तर कितपत, याबद्दल दोन मते आहेत. एक वर्षानुवर्षे फोटो जमवणाऱ्याचे, दुसरे वास्तुइतिहासाच्या अभ्यासकाचे. ती इथे संवादाच्या रूपात मांडली आहेत. संग्राहक वयाने मोठे, उभा जन्म शहरात गेलेले. अभ्यासक त्यांच्या मुलीच्या वयाची.

आधी तंत्राची बाजू समजून घेतली पाहिजे, कारण कोकणातल्या लहान गावांचे फोटो उशिरा का सुरू होतात याचे उत्तर तिथे आहे. १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली आणि थोड्याच काळात ती हिंदुस्थानात पोचली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः फोटोग्राफर होते. पण त्या काळातल्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच काच धुवायची असे. म्हणजे फोटोग्राफरबरोबर काळोखी राहुटी, रसायनांच्या बाटल्या आणि काचांची खोकी आलीच. मुंबईहून रत्नागिरीला हा बाडबिस्तारा समुद्रमार्गे आणायचा तर पावसाळ्याचे महिने बादच. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनच्या कोरड्या काचेची रीत सांगितली, पुढे तयार काचा विकत मिळू लागल्या आणि १८८८ मध्ये कोडॅकचा गुंडाळीच्या फिल्मचा कॅमेरा आला. म्हणून कोकणातल्या एखाद्या आळीचा फोटो १८८० च्या आधीचा असल्याचे कुणी सांगितले, तर त्याला पुरावा मागायला हवा.

संग्राहक : मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरीचा खंड १८८० चा. बंदरं, शेती, व्यापार, जाती, सगळं त्यात आहे. पण बाजारात दुकानाला फळ्या कशा लावत, ओटीला पायऱ्या किती, सांडपाणी कुठल्या अंगानं जाई, हे त्यात शोधून सापडत नाही. फोटोत ते दिसतं. तिथं कुणाचं मत आड येत नाही.

अभ्यासक : काका, मत येतंच आड. कॅमेरा कुठं ठेवायचा हे कुणीतरी ठरवलेलं असतं. कचेरी, बंगला, राजवाडा यांचे फोटो समोरून, नीट मधोमध. कोळीवाड्याचा फोटो मात्र बहुतेक वेळा लांबून, माडांसकट, देखावा म्हणून. जिथं फोटोग्राफर आत शिरला नाही तिथलं आपल्याला काहीच ठाऊक नाही.

संग्राहक : लांबून का होईना, घेतला ना? घरं मोजता येतात, होड्या मोजता येतात. लिहिणाऱ्यानं तेवढंही केलं नसतं.

अभ्यासक : मोजता येतात हे खरं. पण त्या दिवशी समुद्रात गेलेल्या होड्या फोटोत नाहीत, एवढं लक्षात ठेवून मोजायचं.

दोघांचे सर्वांत लवकर जुळते ते फोटोचा काळ ठरवण्याच्या कामात. मागे तारीख लिहिलेली असेल असे फोटो थोडे. बाकीच्यांचा काळ आतल्या वस्तूंवरून काढावा लागतो, आणि त्यासाठी ‘याच्या आधीचा नाही’ आणि ‘याच्या नंतरचा नाही’ अशा दोन रेघा ओढाव्या लागतात. रत्नदुर्गाच्या फोटोत दीपगृह असेल तर तो १८६७ नंतरचा. पतितपावन मंदिर दिसत असेल तर १९३१ किंवा त्यानंतरचा. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून हे मंदिर उभे राहिले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये सर्व जातींसाठी खुले झाले. रस्त्यावर एस.टी.ची गाडी असेल तर १९४८ च्या अलीकडचा, कारण राज्यातली पहिली एस.टी. त्या वर्षी १ जूनला पुणे-नगर मार्गावर धावली. फोटोचा कागदही सांगतो. पातळ, पिवळसर तपकिरी आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला जुना कागद असण्याचा संभव असतो. काळ्या भागांच्या कडांना चांदीसारखी झाक आली असेल तर जिलेटिनचा.

छपरांवर मात्र दोघे बराच वेळ रेंगाळतात, आणि ते योग्यच आहे. कोकणातल्या रस्त्याच्या फोटोत सर्वांत जास्त जागा छपरांनी व्यापलेली असते.

संग्राहक : हा बाजारपेठेचा फोटो बघ. पुढच्या चार घरांवर मंगलोरी कौलं. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. तिथून गलबतांतून कौलं इकडच्या बंदरांत उतरायची. म्हणजे फोटो त्यानंतरचा.

अभ्यासक : त्यानंतरचा, हे खरं. पण मागच्या घरावर बघा, नळीची कौलं आहेत. शेवटच्या पडवीवर तर गवतच आहे.

संग्राहक : मग?

अभ्यासक : मग हा फोटो काळापेक्षा पैशाबद्दल जास्त सांगतो. नळीचं कौल गावातल्या कुंभाराकडून मिळायचं, पण माकडं, वारा, मांजरं यांनी सरकायचं. दर वर्षी मिरगाच्या आधी घर शाकारायला माणसं लावावी लागत. मंगलोरी कौल एकात एक अडकतं, त्यामुळं तो खर्च कमी झाला. पण पहिली खरेदी महाग. ज्याचं दुकान चालत होतं त्यानं रस्त्याकडची बाजू आधी बदलली, मागची पडवी तशीच ठेवली. एकाच घराला दोन छपरं आहेत ती त्यामुळं.

संग्राहक : हे तू फोटोतूनच वाचलंस ना? फोटोवर विश्वास नाही म्हणतेस आणि सगळं त्यातूनच काढतेस.

या आक्षेपात तथ्य आहे. अभ्यासकाचा अविश्वास फोटोच्या मध्यभागावर आहे. फोटोग्राफरने जे दाखवायचे ठरवले ते त्याच्या आवडीने, त्याच्या मालकाच्या सांगण्यावरून आले. कडेला आणि मागे जे आपोआप आले, छप्पर, कुंपणाचा गडगा, कठड्यावर वाळत घातलेले लुगडे, त्यात निवड नव्हती, आणि म्हणून त्याचा पुरावा अधिक बळकट. रत्नागिरीच्या फोटोंचा अभ्यास करणाऱ्याने भिंग आधी कडेवर धरले, तर त्याच्या हाती जास्त लागेल.

बंदराच्या फोटोंना हीच कसोटी लावता येते. रस्ते कच्चे आणि घाट अवघड असताना रत्नागिरीचा मुंबईशी व्यवहार आगबोटीने चाले. बोट धक्क्याला लागत नसे; ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. मुंबईत नोकरी करणारे चाकरमानी, त्यांच्या वळकट्या, आंब्याच्या करंड्या, बोटीवर पोचवायला आलेले घरचे लोक, असे फोटो संग्राहकांना प्रिय असतात.

संग्राहक : या एका फोटोत अख्खा जिल्हा आहे. बोटीची वाट बघणं हेच इथलं आयुष्य होतं. १९४७ मध्ये रामदास बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा कोकणातल्या घराघरांत धसका बसला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि आजच्या पोरांना पडाव म्हणजे काय ते सांगावं लागतं. हा फोटो नसता तर काय दाखवलं असतं?

अभ्यासक : दाखवलं पाहिजेच. पण काका, तुमच्या सगळ्या संग्रहात पाऊस किती फोटोंत आहे?

संग्राहक : पावसात कोण कॅमेरा काढणार? बोटीसुद्धा बंद असायच्या.

अभ्यासक : तेच म्हणते. आपल्याकडे पाऊस चार महिने. त्या दिवसांत घराला झापांच्या झडी बांधलेल्या असत, बायका इरली घेऊन शेतात असत, आळीतली वाट शेवाळानं हिरवी झालेली असे, समुद्र बंद असे. वर्षाचा तिसरा हिस्सा फोटोंत जवळजवळ नाहीच. फोटोतली रत्नागिरी कायम कोरडी. आता कुणी त्या फोटोंवरून जुन्या घराची दुरुस्ती करायला घेतली, की झडी बांधायच्या खुंट्या त्याला कळत नाहीत. त्या फालतू म्हणून तो काढून टाकतो.

संग्राहकांकडे याचे उत्तर नाही, पण एक दुरुस्ती आहे. जुन्या घरांच्या काही फोटोंत पुढच्या वाशांना लटकणारे सुंभाचे तुकडे दिसतात. ते झडी सोडल्यावर राहिलेले. पावसाळा फोटोत आला नाही, त्याच्या खुणा आल्या.

थिबा राजवाड्यावर मतभेद तीव्र होतो. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५ च्या युद्धात पराभूत झाला. इंग्रजांनी त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. चोवीस वर्षे तो बंगल्यांत राहिला. समुद्र दिसेल अशा उंचीवरचा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला. त्यात तो सहाच वर्षे जगला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा रत्नागिरीतच मृत्यू झाला आणि १९१९ मध्ये त्याचे कुटुंब ब्रह्मदेशात परतले. जांभ्या चिऱ्याची तीन मजली इमारत, उतरती कौलारू छपरे आणि अर्धगोल खिडक्यांचे कोरीव लाकूडकाम यांमुळे रत्नागिरीतली ती सर्वांत जास्त फोटो निघालेली वास्तू असावी.

संग्राहक : राजवाड्याचे वेगवेगळ्या काळांतले फोटो एकापुढे एक लावले की कुठलं लाकूड मूळचं, कुठलं बदललं, ते कळतं. तिथं सरकारी तंत्रनिकेतनसुद्धा भरत असे. तेवढ्या वर्षांत काय पाडलं, काय बुजवलं, याची नोंद कागदावर कमी आणि फोटोत जास्त मिळेल.

अभ्यासक : दुरुस्तीपुरतं शंभर टक्के मान्य. पण समोरून घेतलेला तो भव्य फोटो बघून माणूस म्हणतो, इंग्रजांनी राजाला किती थाटात ठेवलं! राजा कैदी होता. तनखा पुरत नसे, जडजवाहीर विकायची वेळ आली. फोटोत ते नाही. आणि राजा-राणीचा तो बैठकीवरचा प्रसिद्ध फोटो रत्नागिरीच्या माहितीशेजारी छापतात, तो तर मंडालेच्या काळातला आहे. पदच्युत होण्याआधीचा चेहरा आपण कैदेतल्या राजाला लावतो.

संग्राहक : तो दोष छापणाऱ्याचा.

अभ्यासक : हो, पण फोटो स्वतः हरकत घेत नाही ना. मजकुरातली चूक वाचणाऱ्याला खटकते, फोटोखालची चूक खटकत नाही. आणखी एक. थोरली राजकन्या पुढं रत्नागिरीत परत आली, साध्या घरात राहिली. तिची मुलगी टुटू, तिचं जवळजवळ अख्खं आयुष्य याच गावात गेलं. गावानं तिला आपलं मानलं. तिच्या घराची वाट आणि राजवाड्याची कमान शेजारी शेजारी का लावत नाही आपण? हद्दपारीचा इतिहास त्या दोन्हींत मिळून आहे.

इथे संग्राहकांनी मान तुकवली तरी आपला मुद्दा सोडला नाही. त्यांच्या मते जे फोटो आहेत ते आधी वाचवावेत. नसलेल्या फोटोंची चर्चा नंतरही करता येते.

उद्योगांच्या फोटोंत नसलेल्या फोटोंचा हा प्रश्न सर्वांत मोठा होतो. देशावरच्या लहान औद्योगिक वसाहतींना मालक होते आणि मालकांना प्रसिद्धी हवी होती. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली आणि १९२० पासून तिथून स्वतःचे मासिक निघू लागले. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ मध्ये सुरू झालेल्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील जाहिरातींतून घरोघर पोचला. अशा ठिकाणी भट्टी, यंत्र, कामगार यांचे फोटो मुद्दाम काढले गेले. रत्नागिरीत धुराडे नव्हते. इथला उद्योग म्हणजे मासळी, आंबा, काजू, काथ्या, आणि तो चाले वाळूवर, खळ्यात, मागच्या पडवीत. त्यातले निम्मे काम बायका करत. त्याला कुणी ‘उद्योग’ म्हणून कॅमेऱ्यापुढे उभे केले नाही.

अभ्यासक : रापणीचा फोटो सापडतो तो निसर्गदृश्य म्हणून. दोर धरून ओढणारी माणसं, मागं सूर्य. त्या दोराला किती जण लागतात, वाटे कसे पडतात, पाटी घेऊन उभ्या असलेल्या बायका कोण, हे विचारायचं सोडून आपण सूर्य बघतो.

संग्राहक : पण तोच फोटो नीट बघितला तर जाळं सुताचं की नायलॉनचं, ते कळतं. सुताची, सणाची जाळी कुजायची, म्हणून रोज खांबांवर वाळत घालावी लागत. किनाऱ्यावर खांबांची रांग आणि त्यावर जाळी दिसली, की नायलॉन यायच्या आधीचा काळ. नायलॉन आलं आणि ते खांब हळूहळू गेले. आंब्याचंही तसंच. बांबूची करंडी, मग लाकडी पेटी, मग पुठ्ठ्याचं खोकं. मालाच्या ढिगावरून पिढी ओळखता येते.

अभ्यासक : मी तर म्हणते, रत्नागिरीच्या उद्योगाचे फोटो शोधायचे तर परळ-लालबागला जायला हवं. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांतले जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. सिंधुदुर्ग तेव्हा आपल्यातच होता, १९८१ पर्यंत. गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या घोळक्याचा फोटो मुंबईच्या खात्यात जमा होतो. तो इकडच्या मनीऑर्डरीशेजारी ठेवला पाहिजे.

संग्राहक : हे बरोबर बोललीस. आमच्या आळीतल्या प्रत्येक घरात एक फोटो असा आहे : कोट-टोपी घातलेला तरुण, मागं रंगवलेला पडदा, बाजूला कुंडी. तो फोटो मुंबईच्या स्टुडिओत काढून घरी धाडलेला. मी त्याला कधी उद्योगाचा फोटो समजलो नाही.

न आलेल्या कारखान्यांचेही फोटो असतात, आणि त्यांचे मोल कमी नाही. अॅल्युमिनियम प्रकल्पासाठी संपादन होऊनही मोकळे राहिलेले चंपक मैदान, किंवा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तांबे शुद्धीकरणाच्या प्रकल्पाविरुद्ध निघालेले मोर्चे, हे रत्नागिरीच्या औद्योगिक इतिहासाचेच भाग आहेत. तो प्रकल्प पुढे तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतल्या निगेटिव्ह जपल्या नाहीत, तर एका सड्याचे त्या वर्षीचे रूप आणि मोर्चातले चेहरे दोन्ही हातचे जातील.

जपणूक हा शेवटचा आणि सर्वांत निकडीचा विषय. कोकणची दमट हवा फोटोची वैरी आहे. जिलेटिन ओलावा शोषते, फुगते आणि तसबिरीच्या काचेला चिकटते. वर बुरशी धरते, कसर लागते, मागचा पुठ्ठा वाळवी खाते.

संग्राहक : लोक फ्रेम उघडतात आणि चिकटलेला फोटो ओढतात. अर्धा चेहरा काचेवर, अर्धा कागदावर. मी सांगतो, हात लावू नका. काचेसकट आधी त्याचा फोटो घ्या. नंतर जाणकाराकडे द्या.

अभ्यासक : आणि मागं लिहा. मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाबून नाही. बॉलपेनची खूण पुढच्या बाजूला उमटते. आळी कुठली, घर कुणाचं, तोंड कुठल्या दिशेला, सांगणारा कोण आणि त्यानं कधी सांगितलं. ‘आजीच्या माहेरचं घर’ एवढंच लिहिलं तर पुढच्या पिढीला आजी कुठली तेच कळणार नाही.

संग्राहक : सांगणारा चुकीचं सांगतो तेव्हा?

अभ्यासक : तेही त्याच्या नावानिशी लिहायचं. दुसऱ्यानं वेगळं सांगितलं तर खाली तेही. खोडायचं काही नाही.

मूळ फोटो घरीच राहावा आणि त्याची चांगली प्रत सार्वजनिक जागी असावी, यावर दोघांचे एकमत आहे. रत्नागिरीत त्यासाठी १८२८ पासून चालत आलेले जिल्हा नगर वाचनालय आहे. मुंबई इलाख्यातल्या जुन्यात जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. रस्ता, बंदर, इमारत यांचे फोटो सर्वांना खुले असावेत. घराच्या आतले, विशेषतः बायकांचे फोटो दाखवायचे की नाही आणि नावे द्यायची की नाही, हे घरच्यांनी लेखी सांगावे.

जुने फोटो संगणकावर रंगवून घेण्याचा मुद्दा मात्र सुटलेला नाही. संग्राहकांचा अनुभव असा, की रंगीत केलेल्या फोटोपुढे शाळेतली मुले थांबतात, काळ्या-पांढऱ्यापुढे थांबत नाहीत. अभ्यासकाची हरकत भिंतींवर आहे. चिऱ्याची भिंत उघडी होती, मातीने लिंपलेली होती की चुन्याने पांढरी केलेली, हे करड्या छटेवरून नक्की ठरत नाही. यंत्र अंदाजाने एक रंग भरते आणि पाहणाऱ्याला तोच खरा वाटतो. मूळ फोटो शेजारी ठेवून, रंग अंदाजाचे आहेत असे मोठ्या अक्षरांत लिहायला संग्राहक तयार आहेत. अभ्यासकाला एवढे पुरेसे वाटत नाही. निदान ज्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम चालू आहे किंवा निघणार आहे, त्यांचे फोटो रंगवू नयेत, असे तिचे म्हणणे कायम आहे.